धोका पातळी सात मीटर

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्याच्या नद्यांचा एक तक्ता रोज मोबाइलवर फिरतो. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कोदवली, मुचकुंदी, बावनदी अशी नावं एका रकान्यात असतात. शेजारी इशारा पातळी, तिच्या शेजारी धोका पातळी आणि शेवटी आजची पातळी. वाशिष्ठीच्या ओळीत इशारा पाच मीटरला आहे, धोका सात मीटरला. चिपळूणच्या बाजारपेठेतले दुकानदार या ओळीवर नजर ठेवून गल्ला उघडतात. पाचच्या खाली असेल तर नेहमीचा दिवस. पाचच्या वर गेली की खालच्या फळीवरचा माल वर चढू लागतो.

तक्ता कामाचा आहे, पण तो नदीबद्दल बोलतो, गावाबद्दल नाही. सात मीटरला पेठमापात काय होईल, चिंचनाक्यावर किती पाणी असेल, मुरादपुरातल्या एकट्या आजींना माळ्यावर कोण चढवेल, सहावरून सातवर यायला नदीला दोन तास लागतील की वीस मिनिटं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. छोट्या गावाचा पूरधोका मोजायचा म्हणजे या प्रश्नांची उत्तरं शोधायची. चिपळूणइतकं त्यासाठी चांगलं उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. २०११ च्या जनगणनेत पंचावन्न हजारांच्या आसपास वस्तीचं हे तालुक्याचं गाव, आणि त्याला एकाच वेळी डोंगर, धरण आणि समुद्र अशा तिघांचं पाणी पाहावं लागतं.

गाव इथे का वसलं, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. पश्चिमेकडून दाभोळच्या खाडीतून भरतीचा फायदा घेत गलबतं गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत. पूर्वेला कुंभार्ली घाट चढला की देश. बंदर आणि घाट यांच्या मधल्या या जागेवर माल उतरायचा, बदलायचा आणि पुढे जायचा, त्यामुळे पेठ पाण्याला चिकटूनच वाढली. जागा चुकली असं आज नकाशा समोर ठेवून म्हणणं सोपं आहे. त्या काळी टेकडीवर दुकान थाटणारा व्यापारी उपाशी राहिला असता. गावाचा बराचसा सखल भाग समुद्रसपाटीपासून दहा मीटरच्या आत आहे, आणि तिथून समुद्र खाडीच्या वाटेने अजून चाळीसेक किलोमीटर लांब. म्हणजे घाटातून धावत आलेल्या पाण्याला पुढे जवळजवळ उतारच उरत नाही.

किती पाणी येतं, याचा हिशेब शाळकरी गणिताने मांडता येतो. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा कोटी लिटर पाणी होतं. जुलैअखेर कातळ आणि माती दोन्ही तुडुंब भिजलेली असतात, त्यामुळे त्यातलं फारसं मुरत नाही. पडलेल्यापैकी ऐंशी टक्के वाहून येतं असं धरलं आणि पाऊस तासाला ५० मिलिमीटरच्या जोराने कोसळत असला, तर एका चौरस किलोमीटरमधून सेकंदाला सुमारे ११ हजार लिटर, म्हणजे जवळपास ३९० क्युसेक पाणी ओढ्यात उतरतं. वाशिष्ठीच्या वरच्या पाणलोटात असे शेकडो चौरस किलोमीटर आहेत. सगळीकडे एकाच वेळी तेवढा जोर नसतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

पण पाऊस कुठे मोजला, यावर बरंच काही अवलंबून असतं. २२ जुलै २०२१ च्या महापुराबद्दल बोलताना महाबळेश्वरचा आकडा हमखास निघतो: चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. हवामान खातं २०४.५ मिलिमीटरपासूनच ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं, तेव्हा आकडा थरारक आहेच. मात्र ती नोंद २३ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची आहे. चिपळुणात पाणी शिरलं ते २२ च्या पहाटे, म्हणजे ती मोजणी सुरू होण्याआधीच. शिवाय महाबळेश्वरचं पाणी वाशिष्ठीत येतही नाही. ते कृष्णेला, कोयनेला आणि सावित्रीला जातं. आपल्या नदीच्या पाणलोटात, घाटाच्या धारेवर आणि पायथ्याशी, दर तासाला वाचलं जाणारं पर्जन्यमापक हवं. ते नसेल तर शेजारच्या खोऱ्यातला मोठा आकडा केवळ बातमीच्या उपयोगाचा.

आता धरणाचं पाणी. कोयना ही खरं तर पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी नदी. तिचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं जातं, पोफळीच्या बाजूला जनित्रांवर पडतं, कोळकेवाडीच्या जलाशयात जमतं आणि तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी वर्षभर सारखं वाटलं तर सरासरी सुमारे २,१४० क्युसेक येते. उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती दिसते, ती या पाहुण्या पाण्यामुळे. मात्र कोयना सारख्या वेगाने चालवायचा प्रकल्प नाही. विजेची मागणी वाढली की तो जोरात चालवला जातो, आणि त्या तासांत नदीत येणारं पाणी सरासरीच्या काही पट असतं.

२०२१ नंतर गावात सर्वांत कडवा वाद झाला तो याच मुद्द्यावर. ऐन पुरात कोळकेवाडीतून पाणी सोडल्यामुळेच गाव बुडालं, असं नागरिकांचं म्हणणं. पूर पावसाचा होता, असं प्रशासनाचं. धोका मोजणाऱ्याने या भांडणात न पडताही एक गोष्ट करता येते. त्या रात्रीचा विसर्ग तासागणिक मांडायचा, त्याच कागदावर नदीची पातळी काढायची आणि विचारायचं: हा विसर्ग नसता तर पाणी किती सेंटीमीटर कमी चढलं असतं? उत्तर शून्य येणार नाही आणि सगळा पूरही त्यात मावणार नाही. महापुराच्या मानाने हे पाणी थोडं असेल, पण नदी काठोकाठ असताना पुढचा प्रत्येक क्युसेक थेट कोणाच्या तरी उंबऱ्यावर जातो. म्हणून अशा तासांत वीजनिर्मिती थांबवण्याची मागणी अवाजवी म्हणता येत नाही.

तिसरं पाणी समुद्राचं. कोकणातल्या कोळ्याला भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याचा हा तोंडी हिशेब. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, तर अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी उंचीची. २०२१ मध्ये गुरुपौर्णिमा २४ जुलैला होती. महापुराचा दिवस त्याच्या दोन दिवस आधीचा, त्रयोदशीचा. तेराची पाऊणपट पावणेदहा. खुल्या किनाऱ्यावर सकाळी आणि रात्री त्या सुमाराला भरती, खाडीत आत येईपर्यंत आणखी उशीर, आणि भरती उधाणाकडे झुकलेली. डोंगराचं पाणी खाली येत होतं तेव्हा खाडीचं दार अर्धवट मिटलेलं होतं.

भरतीने पूर येत नाही, पूर ओसरायला वेळ लागतो. छोट्या गावाच्या अभ्यासात नेमका हाच फरक सुटून जातो. दुकानातलं लाकडी फर्निचर तासभर पाण्यात राहिलं तर पुसून वापरता येतं, दहा तास राहिलं तर फुगून निकामी होतं. धान्याचं पोतं, औषधांचे खोके, शिवणयंत्राची मोटार, वायरिंग, सगळ्यांचं नुकसान खोलीइतकंच वेळेवरही ठरतं. म्हणून नकाशावर ‘किती फूट’ एवढंच लिहून भागत नाही. ‘किती तास’ हाही रंग हवा.

चिपळूणच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे तो शिवनदीचा. ती गावातून वाहत येऊन वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी फुगली की शिवनदीचं पाणी बाहेर पडत नाही, उलट मोठ्या नदीचं पाणी तिच्यातून मागे रेटलं जातं. नदीपासून लांब, म्हणून निर्धास्त असलेली घरं मागच्या अंगणातून भिजतात. कागदावर वाशिष्ठीच्या काठापासून अंतर मोजणाऱ्याला ही घरं सुरक्षित दिसतात.

उपग्रहावरून घेतलेले उंचीचे मोफत नकाशे आज कोणालाही मिळतात, पण त्यांच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. जिथे दीड मीटर पाण्याने संसार बुडतो, तिथे असा नकाशा कामाचा नाही. म्हणून लेव्हल किंवा अचूक जीपीएस घेऊन गल्ल्या चालाव्या लागतात. नदीचे आडवे छेद मोजावे लागतात, दर पुलाची रुंदी आणि त्याच्या तुळईची उंची टिपावी लागते. मग हेक-रास हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या आकड्यांतून पाणी कुठवर जाईल ते दाखवतं. त्याचं चित्र देखणं असतं. ते खरं आहे की नाही, हे मात्र भिंती सांगतात.

पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते. पहिल्या आठवड्यात, रंगसफेदी होण्याआधी, शंभर-दोनशे घरांवरच्या रेघा लेव्हलने मोजल्या तर त्यांची किंमत कितीही महागड्या मॉडेलपेक्षा जास्त आहे. सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं: पाणी आधी कुठून आलं? मोरीतून, रस्त्यावरून की परसातून? किती वाजता? वीज तेव्हा होती का? लोकांना तारीख नेमकी आठवत नाही, पण फ्रिज कुठल्या खोलीत तरंगत गेला हे आठवतं. जुन्या घरांचं जोतं किती उंच घेतलं होतं, हीसुद्धा एक नोंदच. बांधणाऱ्याने पाहिलेल्या पुराची ती उंची असते.

मात्र आठवणीवर विसंबण्यात एक मोठा खड्डा आहे, आणि चिपळूण त्यात पडलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्याच दिवसांत चिपळूणही बुडालं होतं. त्या पुराची खूण गावाच्या मनात पक्की बसली. पुढची सोळा वर्षं व्यापाऱ्यांनी माल, मीटर, इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर ठेवले आणि तो शहाणपणाच होता. २०२१ च्या पहाटे पाणी वाढू लागलं तेव्हाही कित्येकांनी वस्तू त्याच उंचीवर चढवल्या. पाणी ती खूण ओलांडून वर गेलं. २००५ चा पूर म्हणजे शेवटची मर्यादा, असं कोणीच सांगितलं नव्हतं. तो फक्त तोवरचा सर्वांत मोठा आठवणीतला पूर होता.

इथे शासनाच्या रेषा येतात. महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधली नियंत्रित. ऐकायला सुटसुटीत, पण ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी भल्याभल्यांची फसगत होते. एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं, असा त्याचा अर्थ नाही. त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाला कर्ज फिटेपर्यंत तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुराची तीच शक्यता ७० टक्क्यांवर जाते. बँकेच्या मॅनेजरने हप्त्याच्या कोष्टकाशेजारी हे आकडे ठेवले, तर तळमजल्याचे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरची झोप उडेल.

या रेषा चिपळुणात आखल्या गेल्या तेव्हा बाजारपेठेसह जुन्या गावाचा मोठा भाग त्यांच्या आत आला. आणि लोक खवळले. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं: आत्ताच तर पाणी डोक्यावरून गेलं, आणि रेषेला विरोध? पण दुकानदाराच्या जागी उभं राहून बघितलं तर त्याचं म्हणणं कळतं. पूर येईल तेव्हा येईल. रेषा आजच येते. जुनं घर पाडून नवं बांधायची परवानगी अडकते, कर्ज अडतं, जागेची किंमत पडते. त्याच्या दृष्टीने धोक्याचा अभ्यासच नवा धोका होऊन बसतो. रेषा पुन्हा तपासा, आधी गाळ काढा, मग मोजा, ही मागणी त्यातूनच आली. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं तेही प्रामुख्याने वाशिष्ठी आणि शिवनदीतल्या गाळासाठी.

विरोधाचा काही भाग तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. शंभर वर्षांच्या पुराचा अंदाज करायला नदीच्या मोजणीची जेमतेम काही दशकं हाताशी असतात. त्यात २०२१ सारखं एक टोकाचं वर्ष घातलं की रेषा वर सरकते, वगळलं की खाली. प्रामाणिक अभ्यास रेषेऐवजी पट्टा दाखवेल. पण पट्ट्यावर बांधकाम परवाना देता येत नाही, म्हणून कार्यालयाला रेषाच हवी असते.

रेषा घरं मोजते, पण गावाची खरी दुखरी ठिकाणं मोजकीच असतात आणि ती वेगळी शोधावी लागतात. २०२१ मध्ये एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि त्या काळात तिथले आठ रुग्ण दगावले. एसटीच्या आगारात आगारप्रमुख नऊ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. १८६४ मध्ये सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्येही पाणी आलं आणि २०२१ मध्येही. याच वाचनालयाने २०१३ मध्ये ८६ व्या मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद भूषवलं होतं. तीन ठिकाणं, तीन वेगळे प्रश्न: जनित्र कोणत्या मजल्यावर, तिजोरी किती उंचीवर, आणि दुर्मीळ पुस्तकं तळमजल्यावर का? या तिन्हींना धरण बांधावं लागत नाही. जनित्र वर उचलणं हे गवंड्याचं आणि वायरमनचं काम आहे.

मदत पोचायला किती वेळ, हाही धोक्याचाच भाग. २०२१ च्या महापुरात मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या पुलाचं नुकसान झालं, चिपळूण ते कामथे दरम्यानच्या नदीपुलावर पाणी वाढल्याने कोकण रेल्वे थांबली. आपत्ती दलाच्या बोटी बाहेरून येईपर्यंतचे तास गावाने स्वतःच काढले. म्हणून प्रभागवार यादी लागते: कोणाच्या घराला वरचा मजला नाही, कोण जिना चढू शकत नाही, होडी कोणाकडे आहे, ती चालवता कोणाला येते. पोहणाऱ्यांचाही भरवसा धरू नये. वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि २०२४ च्या पावसाळ्यात त्यातली एक चिपळूणच्या रस्त्यावरून शांतपणे चालताना साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिली.

काही धोके कोणत्याच रेषेत बसत नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री याच तालुक्यातलं तिवरे गावचं छोटं मातीचं धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं आणि खेकडे महिनाभर महाराष्ट्राच्या विनोदाचा विषय झाले. विनोद बाजूला ठेवला तर पूर-अभ्यासाला त्यातून एक रकाना मिळतो. वरच्या अंगाला किती लहान धरणं आहेत, कोण पाहणी करतं, गळतीची तक्रार कोणाकडे करायची? पंचवीस आणि शंभर वर्षांचं गणित पावसावर चालतं. फुटणाऱ्या बांधाला तिथी-वार नसतो.

राहिला गाळ. त्यावर गावाचा जीव आहे, आणि तो काही अंशी योग्यही आहे. नदीची वहनक्षमता खोलीच्या दीडपटीहून जास्त वेगाने वाढते: पात्र चार मीटरऐवजी पाच मीटर खोल असेल तर, उतार तोच राहिल्यास, ढोबळमानाने पंचेचाळीस टक्के जास्त पाणी जातं. २०२२ पासून शासनाच्या यंत्रणेबरोबर नाम फाउंडेशनची यंत्रंही शिवनदी आणि वाशिष्ठीत उतरली. वरच्या भागात, जिथे उतार आहे, तिथे याचा फायदा नक्की. खाली जिथे भरती पोचते तिथे मात्र खणलेली जागा समुद्रच भरून टाकतो, आणि उधाणाच्या वेळी तो खड्डा नुसता खाऱ्या पाण्याचा डोह होतो. दरवर्षी उंबरठ्याशी येणारा छोटा पूर गाळ काढल्याने टळेल. २०२१ सारखा टळेल असं मानणं धाडसाचं आहे.

शिवाय गाळ पुन्हा येतो. दरडी कोसळतात, महामार्गाच्या रुंदीकरणासाठी कापलेल्या डोंगराची माती पावसाबरोबर उतरते, उघड्या पडलेल्या उतारांवरून ओढे भरून वाहतात. एका पावसाळ्यात पात्राचा छेद बदलतो, आणि जुन्या छेदावर काढलेली रेषा, मॉडेल, इशाऱ्याची वेळ, सगळंच थोडं थोडं चुकू लागतं. नालेसफाईची निविदा दरवर्षी निघते. दिवाळीनंतर पाणी उतरलं की बाजारपुलापासून गोवळकोटपर्यंतचे ठरलेले छेद पुन्हा मोजायचं काम त्याच निविदेत घालता येतं, आणि आलेले आकडे मे महिन्यात, माळ्यावर माल चढवायच्या आधी, पेठेत फलकावर लावता येतात.